डाव्या नडगीचं वर्ष

पळणं मला कधीच आवडलं नव्हतं, असं मी हल्ली लोकांना सांगते. ते धादांत खोटं आहे. मला पळायला इतकं आवडायचं की आई म्हणायची, हिला दूध आणायला पाठवलं तर ही दूध न घेताच पळत परत येईल. आम्ही ठाण्याहून तोक्योला आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. बाबा बँकेत. तीन वर्षांची बदली होती, ती वाढत वाढत दहा वर्षांवर गेली. हिगाशी-कसाईच्या शाळेत मला भाषेचं ओ की ठो कळत नव्हतं, पण मैदानावर बोलावं लागत नाही. घरी मात्र आईचा कायदा होता. जपानीत उत्तर दिलं की तिला ऐकूच यायचं नाही. त्यामुळे माझं मराठी शाबूत राहिलं, आणि भांडायचं झालं तर मी अजूनही मनात मराठीतच भांडते.

हायस्कूलमध्ये धावण्याच्या क्लबला एक बाई होत्या. बारीक, करड्या केसांच्या, कायम एकाच निळ्या जॅकेटमध्ये. त्यांनी मला हात कुठे ठेवायचे इथपासून शिकवलं. त्यांच्याच शब्दावर मला कॉलेजात प्रवेश मिळाला. योकोहामापासून तासभर आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचं कॉलेज होतं आणि तिथे मुलींचा लांब पल्ल्याचा संघ होता.

आता इथली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणा वाटेल. इथे खेळाच्या जोरावर मुलगी कॉलेजात जाते तेव्हा ती एकटी जात नाही. तिच्या शाळेची त्या कॉलेजात एक जागा असते. ती मुलगी नीट वागली, संघात टिकून राहिली, तर ती तिथे असतानाच त्या शाळेच्या पुढच्या मुलीलाही प्रवेश मिळतो. तिने मध्येच सोडलं तर जागा गेली. हे कुठेही लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना पाठ असतं.

माझ्यानंतर त्या जागेवर येणारी मुलगी ठरलेली होती. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बाईंची लाडकी, गालावर पुटकुळ्या आलेली, अबोल. ती मला दर रविवारी मेसेज करायची. आपल्याहून पुढच्या वर्षात असलेल्या मुलीला इथे सेम्पाई म्हणतात. 'सेम्पाई, या आठवड्यातही मी मेहनत केली. पुढच्या वर्षी तुमच्याकडे यायचंय.' अक्षरन् अक्षर तेच, दर रविवारी. मीही तेच उत्तर द्यायचे, 'वाट बघतेय.'

मी सांगतेय ते दुसऱ्या वर्षाचं. एप्रिलमध्ये वर्ष सुरू झालं. होस्टेलवर आम्ही पंधरा मुली. पहाटे पाचला उठायचं, एकेकीने वजनकाट्यावर उभं राहायचं, आकडा भिंतीवरच्या तक्त्यात स्वतःच्या हाताने लिहायचा. मग धावायचं. मग डायरी. डायरी म्हणजे किती पळालो, काय खाल्लं, किती झोपलो, काही दुखतंय का. ती रोज कोचच्या टेबलावर ठेवायची आणि संध्याकाळी लाल शाईत एक ओळ लिहून परत यायची.

कोच ओरडणारा नव्हता. ओरडला असता तर फार बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला मी उलट बोलू शकते, आईने मला तसंच वाढवलंय. हा माणूस हळू आवाजात बोलायचा, आमच्याआधी मैदानावर यायचा आणि आमच्यानंतर जायचा, स्वतः झाडू घेऊन ट्रॅक झाडायचा. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? मी चिडायचे आणि मग चिडल्याबद्दल स्वतःशीच ओशाळायचे.

मे महिन्यात तोक्योच्या आसपासच्या, कांतो भागातल्या सगळ्या कॉलेजांची मोठी स्पर्धा होते. आई बघायला आली. पायात स्पोर्ट्स शूज, अंगात पंजाबी ड्रेस, हातात स्टीलचा मोठा डबा. डब्यात रव्याचे लाडू. सगळ्या संघाला पुरतील इतके, आणि वर चार जास्त, कारण आई कुठेही मोजून नेत नाही. मी तिला खुणेने नको नको म्हणत होते, पण ती कुठली थांबते! तिने स्टँडमध्ये एकेकीसमोर डबा धरला. मुलींनी दोन्ही हातांनी लाडू घेतला, वाकून आभार मानले आणि तो टिश्यूत गुंडाळून बॅगेत ठेवला.

"किती गुणी मुली गं," आई मला म्हणाली. "एकीनेही इथे खाऊन हात चिकट केले नाहीत. नाहीतर तू!"

मी हसले. दुसरं काय करणार? संध्याकाळी होस्टेलवर ते सगळे लाडू जेवणघरातल्या जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत गेले. कुणाला आईचा अपमान करायचा नव्हता. एक लाडू म्हणजे सकाळच्या तक्त्यावरचा आकडा, एवढंच. त्या आठवड्यात कचऱ्याची पाळी माझी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी मीच उचलून कोपऱ्यावर नेली. जड होती. आईने फोनवर विचारलं, "आवडले का गं?" मी म्हटलं, "एकही उरला नाही." जिभेला काही हाड!

जूनमध्ये माझ्या खोलीतल्या सेम्पाईने संघ सोडला. तिसऱ्या वर्षाची होती, रात्री दात खायची, दिवसा फार प्रेमळ. सोडायला एक अर्ज असतो. त्यावर इथे सहीच्या जागी उमटवतात तो आपला नावाचा शिक्का, पालकांचा शिक्का, कॅप्टनची सही. एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं. त्या शनिवारी तिच्या शाळेचे सर आले. दूरवरून, ट्रेनने, उन्हाळ्यात काळा सूट घालून, हातात मिठाईचं खोकं. साठीचे असतील. आम्ही सगळ्या जेवणघरात रांगेत उभ्या होतो. ते कोचसमोर कमरेत वाकले आणि बराच वेळ वर झालेच नाहीत. त्यांच्या टकलावरून घाम ओघळून जमिनीवर पडत होता. सेम्पाई शेजारी उभी राहून बघत होती. तिने रडायचंसुद्धा धाडस केलं नाही. तिच्या शाळेतून पुढच्या वर्षी कुणीही येणार नाही, हे त्याच संध्याकाळी आम्हाला कळलं.

मी त्या घामाच्या थेंबांकडे बघत होते आणि मला सरांच्या जागी आमच्या बाई दिसत होत्या. निळं जॅकेट काढून काळा सूट घातलेल्या.  कारण तोवर माझी डावी नडगी दुखायला लागली होती.

पहिल्यांदा वाटलं, नेहमीचं असेल. पण हे वेगळं होतं. गुडघ्याच्या खाली वीतभर, हाडावर, रुपयाच्या नाण्याएवढी एक जागा. अंगठ्याने दाबलं की डोळ्यांतून पाणी यायचं. पळायला लागल्यावर पहिला किलोमीटर जीव जायचा, मग बधिर व्हायचं. डॉक्टरकडे जायचं तर चिठ्ठी लागायची, चिठ्ठी कोचकडून, आणि सोबत संघाची मॅनेजर मुलगी. दुखापत झालेल्या मुलींचं काय होतं ते मी पाहिलं होतं. त्या ट्रॅकच्या कडेला उभ्या राहून वेळ मोजायच्या, बाटल्या भरायच्या, दिवसेंदिवस बारीक आवाजात बोलायला लागायच्या. आणि शेवटी अर्ज. वर्ष-सव्वा वर्षात तीन जणी मी तशा जाताना पाहिल्या होत्या. म्हणून डायरीत 'काही दुखतंय का' याच्यापुढे मी रोज लिहायचे, 'नाही.' लाल शाईत उत्तर यायचं, 'छान. असंच चालू ठेवू या.'

आणि दर रविवारी तो मेसेज. 'सेम्पाई, या आठवड्यातही मी मेहनत केली.' बाई गं, कर मेहनत, मी धरून ठेवलीय तुझी जागा, असं मी मनात म्हणायचे. एकदा तर मोठ्याने म्हटलं, मराठीत. खोलीतल्या नव्या सोबतिणीने विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं.

तरी घर होतं. खरं तर मी ठरवलं होतं की गणपतीत घरी गेले की आईला नडगी दाखवायची. बाकी काही बोलायची गरजच नव्हती. आईने अंगठा ठेवला असता, मी ओरडले असते आणि पुढचं तिने बघितलं असतं. मला फक्त कुणीतरी पकडायला हवं होतं. मी आईला म्हटलं, बघते, रजा मिळते का. वरवर बोलले. पण आई ती आईच, तिने बाबांना सांगितलं, पोरीचा आवाज बरा नाही.

आणि बाबांनी कोचला फोन केला.

त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे कुठलाही बाप हेच करेल. हेडमास्तरांना भेटून, चार गोड शब्द बोलून, मुलीला दोन दिवस सोडा हो, घरी गणपती आहेत. बाबा बँकेतल्या अदबशीर जपानीत बोलले. माफी मागितली, आभार मानले, मुलीकडे जरा लक्ष असू द्या म्हणाले. कोच फोनवर फार नम्र होता म्हणे. बाबा खूश झाले. "भला माणूस आहे," आईला म्हणाले.

त्या संध्याकाळी कोचने आम्हाला जेवणघरात बसवलं. नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाला, "आपल्यापैकी एकीच्या घरी महत्त्वाचं काम आहे. आणखी कुणाच्या घरी आहे का?" कुणी हललं नाही. "बरं. म्हणजे बाकीच्यांना इथेच राहायचंय. मग सोमवारच्या सुट्टीचीही गरज दिसत नाही. शरद ऋतूतली रिले जवळ आलीय, सगळ्या मिळून सराव करू." माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाला, "तू मात्र जा हं. वडिलांनी सांगितलंय."

मी कसली जातेय! रात्री जेवण झाल्यावर प्रत्येक खोलीच्या दारात जाऊन मी वाकून माफी मागितली. सगळ्या म्हणाल्या, काही हरकत नाही. कॅप्टनने फक्त एवढं विचारलं, "तुझ्या घरच्यांना इथली पद्धत माहीत नाही का?"

दुसऱ्या दिवशी मी बाबांवर जी तोफ डागली ती आठवली की अजून कानशिलं गरम होतात. "बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? हे काय ठाणं आहे? यापुढे इथे एक फोन करायचा नाही. एकही नाही!"  मग आईने फोन घेतला. "अगं, असं काय बोलतेस? त्यांनी काय वाईट केलं?" मी फोन ठेवला. तो गणपती माझ्याशिवाय बसला आणि माझ्याशिवाय उठला. आईने मोदकांचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता आपण पुरत्या अडकलो. इथे सांगावं तर जागा जाणार. घरी सांगावं तर बाबा, कितीही दटावलं तरी, नडगीचं ऐकल्यावर पहिल्या ट्रेनने येऊन कोचसमोर उभे राहणार. ज्या दोन ठिकाणी तोंड उघडता आलं असतं ती दोन्ही मी बंद करून बसले होते. एक भीतीने, दुसरं रागाने. झोपताना मी नडगीवर हात ठेवायचे आणि तिला शिव्या द्यायचे. मेले, अजून महिनाभर तग धर.

रिले रस्त्यावरची असते. सहा जणी, प्रत्येकीचा एक टप्पा, आणि एकीकडून दुसरीकडे जातो तो खांद्यावरून आडवा घालायचा कापडी पट्टा. मैदानावरच्या रिलेत काठी असते, ती पडली तर उचलता येते. पट्टा अंगावर असतो, आधीच्या मुलींच्या घामाने ओला. तो घातला की थांबायचं नाही, हेही कुठे लिहिलेलं नाही.

मी चौथी होते. तिसरीकडून पट्टा घेतला तेव्हा आम्ही नवव्या होतो. पहिला किलोमीटर नेहमीसारखा जीव गेला. दुसऱ्यात बधिरपणा येईल म्हणून वाट बघत होते, तो आलाच नाही. तिसऱ्यात, एका पेट्रोल पंपासमोर, आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. आवाज झाला की नाही सांगता येत नाही. मला तरी ऐकू आला. त्यानंतर पाय टेकला की डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं. माझ्या पुढे तीन मुली गेल्या. रस्त्याच्या कडेला म्हातारी माणसं झेंडे हलवत म्हणत होती, थोडंच राहिलंय, थोडंच राहिलंय. मला त्यांना ओरडून सांगायचं होतं की गप्प बसा हो! मी पट्टा पुढच्या मुलीच्या हातात दिला, तिला शाबासकीची थाप मारायला हात उचलला आणि तिथेच बसले.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

कोच पलंगाशी उभा होता. मी म्हटलं, "आजच."

तरीही! हाड मोडलंय, आता लपवायला काही उरलेलं नाही, आणि मी म्हणतेय आजच. डॉक्टर तरुण होते, त्यांनी फोटो उजेडावर धरला. म्हणाले, "आजचं नाही हे. हे हाड दोन-तीन महिने स्वतःहून भरून यायचा प्रयत्न करतंय." बोटाने त्यांनी एक पांढरट फुगवटा दाखवला. मी तो बघत राहिले.

बाहेर व्हरांड्यात कोच म्हणाला, "डायरीत लिहिलं नव्हतंस."

बस, एवढंच. राग नव्हता त्यात, उलट दुखावल्यासारखा वाटला. आणि गंमत बघा, मी व्हीलचेअरवर बसल्या बसल्या वाकून माफी मागितली. खोटारडी मीच ठरले होते, आणि होतेच ना खोटारडी! घरी नेल्यावर मात्र मला जे रडू फुटलं ते दोन दिवस थांबलं नाही. आई पाय मांडीवर घेऊन बसली होती. "आता काही सांगू नकोस," म्हणाली. "नंतर सांग."

ऑक्टोबरात मी अर्ज भरला. बाबा बँकेतले. आयुष्यात त्यांनी एक कागद वाचल्याशिवाय सही केलेली नाही, घरी येणाऱ्या पार्सलची पावतीसुद्धा वाचतात. हा अर्ज त्यांनी वाचला नाही. शिक्का उमटवला, माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "बाईंकडे मी येतो तुझ्याबरोबर. तिथे मी बोललेलं चालेल ना?"

मला मान वर करवेना.

आम्ही दोघं शनिवारी माझ्या जुन्या शाळेत गेलो. मी कुबड्यांवर, बाबा काळ्या सुटात, हातात मिठाईचं खोकं. हे त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे, मी तर नाही. बाई मैदानावर निळ्या जॅकेटमध्ये होत्या. बाबा त्यांच्यापुढे कमरेत वाकले. त्या गडबडल्या, त्यांनीही वाकून उत्तर दिलं.  मग बाईंनी सांगितलं की कॉलेजातून कळवलंय, पुढच्या वर्षी आपल्या शाळेची मुलगी घेता येणार नाही. "हाड नीट भरू दे," म्हणाल्या. माझी चूक आहे असं त्या म्हणाल्या नाहीत, चूक नाही असंही म्हणाल्या नाहीत.

ती मुलगी मागे क्लबच्या रांगेत उभी होती. आम्ही निघालो तशी ती माझी बॅग घेऊन स्टेशनापर्यंत आली. कुबड्यांमुळे मी हळू, आणि ती माझ्याहून हळू. बाबा जाणूनबुजून पुढे गेले. प्लॅटफॉर्मवर आल्यावर मी रस्ताभर जुळवून ठेवलेलं वाक्य म्हटलं. "तुझी जागा माझ्यामुळे गेली. मला माफ कर."

ती खाली बघत होती. खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता ही मला शिव्या देईल, द्यायलाच हव्यात. मी वाट बघत उभी राहिले.

"सेम्पाई," ती म्हणाली, "मला यायचंच नव्हतं. पहिल्या वर्षापासून यायचं नव्हतं. बाईंना नाही म्हणता येत नव्हतं. देवळात जाऊन मी दर रविवारी एकच मागायचे, ती जागा जाऊ दे." मग तोंडावर हात दाबून म्हणाली, "तुमचा पाय मोडावा असं नव्हतं मागितलं. खरंच नव्हतं."

माझं डोकं भणाणलं. जूनपासूनची प्रत्येक पहाट डोळ्यांपुढून गेली. मी जवळजवळ किंचाळले, "मग सांगितलं का नाहीस मला? एकदा तरी! दर रविवारी मेसेज करत होतीस ना?"

तिने पहिल्यांदाच वर बघितलं. डोळे लाल, गालावरच्या पुटकुळ्या लाल, पण आवाज अगदी साधा.

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"